ट्युपेलो बेंडची मादी

११ फेब्रुवारी, मंगळवार

साडेतेरा पौंड. वजनकाट्यावर दोनदा ठेवून पाहिली. विश्वास बसेना. वजनावर नव्हे, तलावावर.

सकाळी सहाला फोन. "मिस लुएला क्रेन का? मी थर्मन ब्लेडसो. ट्युपेलो बेंडवरून बोलतोय. तुमची टाकीची गाडी घेऊन या. बाईसाहेब तयार बसल्यात." मला वाटलं कुणीतरी थट्टा करतंय. ट्युपेलो बेंडमध्ये अडीच वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात पाण्यातला प्राणवायू संपला आणि सगळी मासळी पोट वर करून तरंगली. मी तिथं होते, नाकाला रुमाल बांधून फावड्यानं पोती भरत. आमच्या सरकारी मत्स्यबीज केंद्राच्या वहीत "तलाव मृत" लिहिलंय ते माझ्याच अक्षरात.

तरी गेले. पन्नास मैल. डव्हीच्या आमिषाच्या दुकानामागे धक्क्यावर तो उभा. सत्तरीचा, उंच, टोपी काढून हातात धरलेली. बोटीतल्या टाकीत बास माशाची मादी. पोट अंड्यांनी टच्च, जबड्यात माझी मूठ मावेल. बावीस वर्षं मी बास माशांतच काढली, तरी अशी पाहिली नव्हती.

"कुठं मिळाली?"

"सँडी ओढ्याच्या तोंडाशी. बुडालेलं सायप्रसचं खोड आहे तिथं."

"ह्याच तलावात?"

"मॅम, दुसऱ्या तलावापर्यंत पोचेल असं इंजिन माझ्या बोटीला असतं तर मी इथं कशाला सडलो असतो?"

डव्ही दारातूनच म्हणाली, "दोन वर्षं रिकाम्या पाण्यात गळ टाकतोस म्हणून आम्ही हसत होतो थर्मन. घे, जिंकलास. फोटोसाठी भिंत मोकळी करते."

फॉर्म त्यानं दोनदा वाचला. मादी केंद्राला दोन महिने द्यायची. आम्ही तिची अंडी घ्यायची, बोटुकली — बोटाएवढी पिल्लं — वाढवायची, आणि त्यातली अर्धी जिथं ती सापडली त्या तलावात सोडायची. मोठ्या अंगाचं रक्त पाण्यात परत यावं म्हणून एवढा खटाटोप.

"अर्धी म्हणजे किती?"

"जगली तर दहा हजार."

त्यानं टोपी घातली, मग सही केली.

१२ फेब्रुवारी

जबड्याला गळाची जखम. पाण्यात मीठ घातलं. पराचा एक तुकडा कापून प्रयोगशाळेला पाठवला — वाण शुद्ध फ्लोरिडाचं, मोठं वाढणारं, की मिसळ, आणि कुठल्या घराण्यातली, ते कळेल. महिना लागतो.

अकराला ब्लेडसोंचा फोन. "कशा आहेत बाई?" म्हटलं, ठीक आहे. "जेवल्या का?" म्हटलं, नवीन जागा, दोन दिवस जेवणार नाही. "मी पण तसाच आहे," म्हणाले.

१६ फेब्रुवारी

खाल्लं. तीन मासे, एकापाठोपाठ.

२० फेब्रुवारी

रोज फोन येतो. काल आला नाही तर मी साडेबारापर्यंत ऑफिसातून हलले नाही. सँडविच टेबलावरच खाल्लं. आज म्हणाले, बॅटरी संपली होती. मी म्हटलं, असू द्या, मला कुठं आठवण होती.

खोटं बोलले. वहीत तरी खरं लिहावं.

माझा नवरा क्लिफ्टन गेल्याला मार्चमध्ये सहा वर्षं. केंद्राच्या आवारातलं हे घर दोघांना मिळालं होतं, एकटीला राहू दिलं ही मेहरबानी. शेजार म्हणजे चौतीस तळी. सकाळी पहिला शब्द तोंडातून निघतो तो दहाच्या सुमाराला, आणि तो घोगरा निघतो. साहेब — नोलिन, छत्तीस वर्षांचा, चांगला मुलगा — माझ्याशी चिठ्ठ्यांनी बोलतो. "तळं ९ चं पाणी." "टाकी ४ चं तापमान." खाली सही पण नाही. चर्चमध्ये रविवारी सगळे विचारतात, "कशी आहेस लुएला?" आणि उत्तर येईपर्यंत पुढच्या माणसाकडे वळलेले असतात.

हा माणूस माशाची चौकशी करतो. पण उत्तर पूर्ण ऐकतो.

२७ फेब्रुवारी

पाणी हळूहळू अडुसष्ट अंश फॅरनहाइटवर आणलं. तळाला काथ्याची चटई अंथरली, अंडी तिलाच चिकटतात. नर सोडला. आठ पौंडांचा, चांगल्या घरचा.

ब्लेडसोंना सांगितलं. म्हणाले, "मुलगा काय करतो?"

मी हसले. ऑफिसात एकटी, मोठ्यानं. नोलिननं काचेतून वळून पाहिलं.

३ मार्च

अंडी नाहीत. नर चटईभोवती घिरट्या घालतोय, ही कोपऱ्यात पाठ फिरवून.

ब्लेडसो आज जरा बोलले. बायको रूबी चार वर्षांपूर्वी गेली. मुलगा अलास्कात, तेलाच्या कामावर. गाइडचा धंदा — लोकांना बोटीतून मासेमारीला न्यायचा — तलाव मेला तेव्हाच बुडाला. "मग रोज जाता कशाला पाण्यावर?" मी विचारलं.

"घरात बसून काय करू? पाण्यावर माणूस एकटा असला तर कुणी कीव करत नाही. मासे पकडतोय म्हणतात."

फोन ठेवल्यावर हे वाक्य पाकिटाच्या मागे लिहून ठेवलं. आता इथं उतरवलं.

९ मार्च, रविवार

सकाळी दिवा लावला तर चटई पिवळीधमक. चाळीस हजार तरी असतील. नर वर पहारा देतोय, मादी दमून एका कडेला. मी चर्चचे कपडे घालून गुडघ्यावर बसले, ओल्या सिमेंटवर.

आज पहिल्यांदा मी फोन केला. अंड्यांचं सांगितलं. ते म्हणाले, "मिस लुएला, तुम्ही बोटुकली सोडायला याल ना, त्या दिवशी मी कॉर्नब्रेड करीन. रूबीची कृती. मला एवढंच येतं."

म्हटलं, येईन.

चर्चला गेले नाही.

१० मार्च

अंड्यांत सूक्ष्म हालचाल. भिंगातून डोळे दिसतात.

१४ मार्च

प्रयोगशाळेचा अहवाल आला.

शुद्ध फ्लोरिडा वाण. पण खाली दोन ओळी आणखी. ही मादी आमच्या नोंदीत आधीपासून आहे. सहा वर्षांपूर्वी वॉरिक तलावात कुणीतरी पकडली, तिचा नमुना पाठवला आणि परत सोडली. तेव्हा नऊ पौंडांची होती. तीच. डीएनए शंभर टक्के जुळतो.

वॉरिक तलाव म्हणजे ट्युपेलो बेंडपासून नदीनं वर सत्तर मैल.

नोलिननं दार लावून घेतलं. आज चिठ्ठी नाही. "सरळ आहे. वॉरिकमध्ये पकडली, गाडीत घातली, आपल्या तलावात मिळाली म्हणून सांगितलं. दहा हजार बोटुकली फुकट मिळतात, धंदा परत उभा राहतो."

मी म्हटलं, "पाच वर्षांपूर्वीच्या पुरात खाली आली असेल. तीन आठवडे धरणांचे दरवाजे उघडे होते."

"मध्ये दोन धरणं आहेत, लुएला. मासा काय जिना उतरून येतो? त्या दरवाज्यांतून एवढा मासा निघाला तर खाली खिमा सापडेल. आणि आला असं धर — मग ट्युपेलो बेंडमध्ये सगळं मेलं तेव्हा ही एकटी कशी वाचली?"

पोती मीच भरली होती.

१५ मार्च

अकराला फोन आला. "कशा आहेत बाई? बाळं?"

मी अहवाल वाचून दाखवला. मग विचारलं. आवाज सरकारी झाला होता, माझा मलाच कळत होता.

"मी तिला सँडी ओढ्याच्या तोंडाशी पकडलं, मॅम."

"मिस्टर ब्लेडसो, तुम्ही खरं सांगितलंत तर मी साहेबांशी —"

"खरंच सांगितलं. एकदा फॉर्मवर लिहून, आणि आता तोंडानं. तिसऱ्यांदा सांगणार नाही."

ठेवला.

मॅम म्हणाले. मिस लुएला नाही.

१७ मार्च

नोलिन म्हणाला, शेरा तूच लिही, मासा घ्यायला तूच गेली होतीस. लिहिला. "मासा पकडणाऱ्याचं निवेदन विश्वासार्ह वाटत नाही." सहा शब्द. खाली सही. पुराचं लिहावं असं एकदा मनात आलं. खिमा आठवला. नाही लिहिलं.

१८ मार्च

फोन नाही.

१९ मार्च

नाही.

२४ मार्च

मासेमारी खात्याचा वॉर्डन ब्लेडसोच्या घरी जाऊन आला. मासा एका तलावातून दुसऱ्यात नेणं गुन्हा आहे. पुरावा नाही म्हणून दंड नाही, पण केंद्राच्या यादीतून नाव काढलं. वॉर्डननं नोलिनला सांगितलं, "म्हातारा काही बोललाच नाही. मला कॉफी दिली, आणि बोटीची कागदपत्रं पुढं ठेवली."

क्लिफ्टनची तिथी होती आज. कबरीवर गेले नाही. घरीच बसले. घेवडा शिजवला, चार माणसांचा. अंदाजच चुकतो अजून.

२ एप्रिल

मादीला वॉरिकमध्ये सोडलं. एरवी ज्यानं पकडली तोच सोडतो, फोटो निघतो, बायकापोरं टाळ्या वाजवतात. आज मी आणि ड्रायव्हर. तिला दोन्ही हातांवर पाण्यात धरलं. कल्ले उघडमीट करत राहिली, हलेना. ड्रायव्हर म्हणाला, "घर ओळखत नाही वाटतं."

"गप्प बस," मी म्हटलं.

मग शेपटीचा एक फटका मारून गेली. माझा चेहरा, कपडे, सगळं ओलं. परतीच्या वाटेवर ओलीच बसून राहिले.

२१ मे

एकवीस हजार बोटुकली वॉरिकला रवाना. एकही ट्युपेलो बेंडला नाही. नळीतून पाण्यात जाताना चांदीची साखळी ओतल्यासारखी दिसतात. दर वर्षी मला हे बघून बरं वाटतं.

२८ जून

ट्युपेलो बेंडला पाण्याचा नमुना घ्यायला नोलिननं पाठवलं. डव्हीच्या दुकानात बर्फ घ्यायला शिरले. चारपाच माणसं कॉफी पीत होती. मी आत आले तसं बोलणं थांबलं.

भिंतीवर एक चौकोन बाकीपेक्षा पांढरा. मी तिकडे बघितलं ते डव्हीनं बघितलं.

"फोटो मी नाही काढला. त्यानंच काढला. वॉर्डन येऊन गेला त्याच संध्याकाळी."

कोपऱ्यातला एक म्हणाला, "आता थर्मननं व्हेल पकडला तर कळव म्हटलं डव्हीला. समुद्र किती लांब आहे इथून?" सगळे हसले. तो थर्मनचा शाळेपासूनचा दोस्त आहे, हे डव्हीनं मला बर्फ देताना सांगितलं. "सगळे असंच बोलतात त्याला. तो यायचाच बंद झाला. आमिष पण घरीच गांडुळं खणून काढतो." मग हळूच, "बाई, तुमच्या मशीनवर तुमचा एवढा भरवसा आहे?"

"मशीन चुकत नाही."

"मशीनचं नाही विचारलं मी."

धक्क्यावर नमुना घेत होते तेव्हा लांब पाण्यात एक बोट दिसली. इंजिन बंद, एक माणूस उभा. मी हात वर केला. उन्हामुळे दिसलं नसेल. की दिसलं असेल.

११ ऑगस्ट

तळं १७ चा पंप बंद पडला. दिवसभरात एकही शब्द बोलावा लागला नाही.

३ सप्टेंबर

त्याला पत्र लिहायला घेतलं. "प्रिय मिस्टर ब्लेडसो," च्या पुढं काय? तुम्ही खोटं बोललात तरी मला तुमचा फोन यायला हवा आहे? हे कुठली बाई लिहील!

फाडलं.

विचार येतो की बोलला असेल खोटं, तर कशासाठी? मेलेल्या पाण्यात जीव यावा म्हणून. मी तर काही खोटंही बोलले नाही कधी कशासाठी.

२१ ऑक्टोबर

ट्युपेलो बेंडची पाहणी. सर्वेक्षणाच्या टोळीतला एक आजारी म्हणून मला नेलं. बोटीच्या पुढून पाण्यात हलकी वीज सोडतात, मासे क्षणभर गुंगून वर येतात, जाळ्यानं उचलायचे, मोजायचे, परत सोडायचे. सकाळभर कार्प आणि गार जातीचे मासे, बाकी काही नाही. नोलिननं वही मिटायला घेतली.

सँडी ओढ्याच्या तोंडाशी पाणी उकळल्यासारखं झालं. बास. तीन. फूट-फूट लांबीचे, अंगानं भरलेले, अडीचेक वर्षांचे. मी जाळं धरून नुसती बघत राहिले. नोलिन म्हणाला, "उचल ना लुएला!"

उचलले. पराचे तुकडे घेतले. सोडले.

परतताना नोलिन म्हणाला, "हे पण त्यानंच आणून टाकलेत, बघ. वॉरिकवरून बादलीत." मी हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही. ह्या वर्षात मी हेच जास्त केलंय.

नमुने नेहमीच्या पाकिटातून पाठवले. वाण कुठलं ते लिहावं लागतं, म्हणून.

९ नोव्हेंबर

थंडी. चर्चमध्ये थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला कोण काय आणणार त्याची यादी फिरली. माझ्या नावापुढं मी "पीकन पाय" लिहिलं, आणि "किती जण" ह्या रकान्यात एक.

२० नोव्हेंबर

अहवाल सकाळी आला. तिन्ही पिल्लांची आई तीच, साडेतेरा पौंडांची. बाप ट्युपेलो बेंडच्या जुन्या देशी वाणाचे. ते वाण वॉरिकमध्ये नाही, कुठंच नाही, फक्त त्या पाण्यात होतं, आणि आम्ही ते संपलं म्हणून लिहिलं होतं. म्हणजे आम्ही पोती भरली त्याच्या पुढच्याच वसंतात तिनं तिथं अंडी घातली. पुरातून आली, बहुधा ओढ्याच्या ताज्या पाण्यामुळे मरणातून वाचली, आणि तो सांगत होता तिथंच राहत होती.

नोलिन पांढरा पडला. म्हणाला, पत्र पाठवू. मी म्हटलं, पत्र तू पाठव. मी जाते.

आधी डव्हीच्या दुकानात गेले. कॉफी पिणाऱ्यांसमोर उभी राहिले आणि मोठ्यानं सांगितलं, थर्मन ब्लेडसो खरं बोलला, आणि तो खोटारडा आहे असं लिहिलं ते मी. कुणी हसलं नाही. डव्ही म्हणाली, "तो पाण्यावर आहे."

धक्क्यावर दोन तास बसले. बोट आली. त्यानं इंजिन बंद केलं, माझ्याकडे बघत राहिला. मी सगळं सांगितलं, उभ्यानंच. पुराचं मनात येऊनही लिहिलं नाही, ते पण.

तो वाकला, बोटीचा दोर उचलला आणि माझ्याकडे फेकला.

मी झेलला. खुंटाला बांधला.